प्रस्तावना : घराला पडलेला वेढा

फोन समोर धरायचा, कॅमेरा सुरू करायचा आणि आपल्याच दिवाणखान्यात सोफ्याच्या बाजूनं चालत येणाऱ्या झोंबीवर नेम धरून गोळी झाडायची. या पुस्तकाचा विषय एवढा साधा आहे. मोबाइलवर नेमबाजीचे खेळ उदंड आहेत आणि ॲप स्टोअर याही खेळांना त्यांच्याच रांगेत बसवतं. पण हा प्रकार हातात घेऊन पाहिला की पहिल्या दोन-चार मिनिटांतच काहीतरी मुळातून वेगळं असल्याचं जाणवतं. आजवरच्या नेमबाजीच्या खेळांत जागा बनवणाऱ्याची असे. कुठली गल्ली अंधारी, कुठला जिना मोडका, कुठल्या दाराआड शत्रू, हे त्यानं आधी ठरवलेलं असे. खेळाडू तिथे पाहुणा म्हणून जायचा. एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीच्या खेळात जागा खेळाडूची असते. बनवणाऱ्यानं ती पाहिलेली नसते. शिवाय तिथे खेळाशी काहीही संबंध नसलेली माणसं राहत असतात. या प्रकारातली गंमत, भीती, तांत्रिक अडचणी आणि कायद्याचे प्रश्न हे सगळं याच एका गोष्टीतून निघतं, असं मला वाटतं. हा संग्रह त्याच धाग्यावर बांधला आहे.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख करून देतो. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट चढवला की भोवतालचं जग दिसेनासं होतं आणि आपण पूर्णपणे संगणकानं रचलेल्या जागेत जातो. एआरमध्ये भोवताल तसाच दिसत राहतो आणि संगणकानं काढलेल्या आकृत्या त्यात येऊन उभ्या राहतात. फोनवरच्या एआरला वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. कॅमेरा, स्क्रीन आणि हालचाल मोजणारे सेन्सर खिशातल्या फोनमध्ये आधीच असतात. म्हणून ज्या घरात हेडसेट कधी आला नाही, तिथेही हे खेळ पोहोचले. वर फोन अडकवायची ब्लूटूथची प्लास्टिकची बंदूकही बाजारात मिळते. पण बहुतेक जण नुसता फोनच दोन्ही हातांत धरून खेळतात.

या खेळांत शत्रू म्हणून झोंबीच का, हा प्रश्न पहिल्यांदा सोडवायला हवा. त्यासाठी जरा मागे जावं लागतं. आजच्या हैतीच्या जागी सेंट-डोमिंग नावाची फ्रेंच वसाहत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत राबून मरत. मेल्यावर तरी सुटका होईल, एवढीच त्यांची आशा. मेल्यावरही दुसऱ्याच्या हुकमानं राबत राहणारं शरीर ही झोंबीची कल्पना त्या शेवटच्या आशेवरच घाव घालणारी होती. 1791 ते 1804 या काळातल्या उठावानं गुलामगिरी संपली, ही भीती मात्र लोकमानसात उरली. पुढे 1915 ते 1934 अमेरिकी सैन्य हैतीत ठाण मांडून होतं. त्याच काळात, 1929 साली, विल्यम सीब्रुकचं 'द मॅजिक आयलंड' हे प्रवासाचं पुस्तक आलं आणि 1932 साली 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट. तोवर झोंबी हा बळी होता, त्याला राबवणारा मालक खलनायक होता. आज फोनवर आपण ज्याच्या डोक्यात गोळी घालतो, त्याच्या मागे गुलामांची ही व्यथा आहे. खेळणाऱ्यानं ती एकदा तरी जाणून घ्यावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

झोंबी शत्रू झाला तो 1968 साली, जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये. पिट्सबर्गच्या आसपास अगदी थोड्या पैशात हा चित्रपट झाला. त्याची मांडणी आपल्या विषयाच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. रानातलं एक घर, आत अडकलेली काही माणसं, बाहेरून हळूहळू वाढत जाणारी मढ्यांची गर्दी. आतले लोक दारं-खिडक्यांना फळ्या ठोकतात, फर्निचर मोडून वापरतात आणि आपसांत भांडतात. खरी भीती आहे ती ओळखीचं घर असुरक्षित होण्याची. या चित्रपटाचं मूळ नाव वेगळं होतं. ते बदलताना नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहिली आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सर्वांसाठी खुला झाला.  त्यामुळे रोमेरोचा झोंबी कुणीही विनापरवाना घ्यावा असा झाला. छोट्या स्टुडिओंनी आणि एकेकट्या प्रोग्रॅमरांनी तो उचलला, याचं एक कारण हेही आहे.

व्हिडिओ गेममध्ये झोंबीचा जोर झाला तो 1996 पासून. कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल' आणि सेगाचा 'द हाउस ऑफ द डेड' हे दोन्ही त्याच सुमाराचे, आणि दोन्ही एका वाड्यात घडतात. 1997 साली ब्रिटनमध्ये 'कारमॅगेडन' या खेळाला परवानगी मिळेना, कारण त्यात गाडीखाली माणसं चिरडली जात. बनवणाऱ्यांनी माणसांच्या जागी हिरव्या रक्ताचे झोंबी घातले, आणि मग तो बाजारात आला. म्हणजे झोंबी ही मारायला मोकळी सोडलेली मानवी आकृती झाली. त्याच्यावर दया येत नाही, त्याला कुटुंब नाही, त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. या मोकळिकीबद्दल मला पुढे थोडं बोलायचं आहे.

'द हाउस ऑफ द डेड' हा आर्केडमधला बंदुकीचा खेळ. आपल्याकडे तो मोठ्या शहरांतल्या काही जागी होता. पण बंदुकीनं पडद्यावर नेम धरण्याची ओळख महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांना त्याआधीच झाली होती, ती नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या बंदुकीनं आणि बदकं मारायच्या खेळानं. निन्टेन्डोचा 'डक हंट' मूळचा 1984 चा. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतला प्रकाशाचा सेन्सर तो चौकोन समोर आहे की नाही एवढंच पाही. बंदुकीला टीव्ही तेवढा कळे. टीव्हीच्या बाजूचं कपाट, वरचा फोटो, मागची भिंत तिच्या लेखी नव्हतीच. फोनवरच्या एआर खेळात आज हेच कपाट आणि हीच भिंत खेळाचा भाग झाली आहे.

हे होण्यामागचा प्रवास लांबचा आहे, त्याचे फक्त मुख्य टप्पे सांगतो. 1968 साली आयव्हन सदरलँडनं डोक्यावर घालायचा पहिला पारदर्शक पडदा दाखवला. तो छताला जोडलेला असे, आणि त्यात दिसत त्या नुसत्या रेघांच्या आकृत्या. 1990 नंतर विमानं बनवणाऱ्या बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी वायरी जोडणाऱ्या कामगारांच्या डोळ्यांसमोर आकृती आणायचा प्रयत्न केला, आणि 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हे नाव रूढ झालं. 1999 साली हिरोकाझू कातो यांनी एआरटूलकिट लिहिलं. कागदावर छापलेला काळा चौकोन कॅमेऱ्यानं ओळखायचा आणि त्यावर त्रिमित आकृती उभी करायची, हे त्यामुळे कुठल्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं.

नेमबाजीच्या खेळासाठी निर्णायक ठरला तो 2000 सालचा 'एआरक्वेक'. ॲडलेड इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉमस, वेन पिकार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्वेक' हा 1996 चा लोकप्रिय खेळ संगणकातून उचलून विद्यापीठाच्या आवारात आणला. पाठीवर लॅपटॉपचं ओझं, डोक्यावर पारदर्शक पडदा, जीपीएस, होकायंत्र आणि हातात खेळण्यातली बंदूक. खेळाडू खऱ्या इमारतींमधून चालायचा आणि राक्षस त्या इमारतींच्या आडून यायचे. यासाठी संशोधकांनी आवारातल्या इमारतींचं मोजमाप घेऊन त्यांच्या अदृश्य प्रतिकृती खेळात घातल्या होत्या. भिंत खेळात काढली जात नसे, पण भिंतीमागचा राक्षस झाकला जाई. शिवाय पारदर्शक पडद्यावर काळा रंग दिसतच नाही, त्यातून पलीकडचं जग दिसतं, म्हणून राक्षसांचे रंग उजळ करावे लागले. मागून येणाऱ्या साऱ्या अडचणी ॲडलेडच्या त्या आवारात पहिल्यांदा सामोऱ्या आल्या. त्यांनी ज्या नीटपणे त्या लिहून ठेवल्या, त्याबद्दल या क्षेत्रातल्या प्रत्येकानं त्यांचं ऋण मानायला हवं.

फोनकडे हा खेळ आला तो छोट्या पावलांनी. 2003 साली सीमेन्सच्या एसएक्स1 या फोनवर 'मॉझीज' नावाचा खेळ होता. कॅमेऱ्याच्या चित्रावर डास दिसत आणि फोन हलवून त्यांच्यावर नेम धरावा लागे. 2009 साली अटलांटातल्या जॉर्जिया टेकमधल्या विद्यार्थ्यांनी सव्हाना कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनबरोबर एक झोंबीचा खेळ केला. टेबलावर एका गावाचा छापील नकाशा पसरायचा. फोनमधून पाहिलं की त्यावर घरं उभी राहतात आणि रस्त्यांवर झोंबी फिरू लागतात. आपण जणू हेलिकॉप्टरमधून वरून गोळ्या झाडतो. यातली सर्वांत सुंदर कल्पना अशी, की 'स्किटल्स' या खाण्याच्या रंगीत गोळ्यांतली एखादी खरी गोळी नकाशावर ठेवली तर तिचा बॉम्ब होई. हातातली खाण्याची वस्तू खेळात अर्थपूर्ण होणं, हे एआरचं खरं सामर्थ्य. इतक्या वर्षांनंतरही बाजारातले बहुतेक खेळ तिथवर पोहोचलेले नाहीत.

सामान्य माणसाला हा प्रकार कळला तो जुलै 2016 मध्ये, 'पोकेमॉन गो'मुळे. भारतात तो अधिकृतपणे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओबरोबर आला, पण तोवर पोरांनी इकडूनतिकडून फायली मिळवून तो खेळून घेतला होता. पुढच्या वर्षी ॲपलनं एआरकिट जाहीर केलं, गुगलनं एआरकोर. खोली ओळखण्याचं अवघड गणित आता फोनच्या प्रणालीतच तयार मिळू लागलं आणि झोंबीचे एआर खेळ पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले.

हे गणित समजून घेणं खेळणाऱ्याच्याही कामाचं आहे. फोनचा कॅमेरा चित्रातले कोपरे, ठिपके, कडा हेरतो. फोन हलला की ते ठिपके सरकतात. जायरोस्कोप सांगतो फोन किती वळला, ॲक्सेलरोमीटर सांगतो त्याचा वेग किती बदलला. या सगळ्याचा मेळ घालून फोन स्वतःची जागा काढतो आणि जमिनीचा, टेबलाचा सपाट पृष्ठभाग कुठे आहे त्याचा अंदाज बांधतो. झोंबीचे पाय त्या पृष्ठभागावर टेकवले जातात. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ठिपकेच सापडत नाहीत. चकचकीत पांढऱ्या टाइल्सवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फोनबरोबर सरकतं आणि गणित फसतं. मग झोंबी हवेत तरंगतो किंवा जमिनीत रुततो. उलट जुन्या घरातली ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी या खेळाला फार मानवते. नव्या फ्लॅटपेक्षा जुन्या चाळीतल्या खोलीत झोंबी घट्ट उभे राहतात, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याचं कारण इतकं साधं आहे.

सगळ्यात मोठा पेच आहे तो उजेडाचा. भीतीला अंधार लागतो, कॅमेऱ्याला उजेड लागतो. दिवे मालवून खेळायला बसलं की फोनला ठिपके दिसेनासे होतात आणि सगळा डोलारा कोसळतो. दिवसाढवळ्या खेळावं, तर खिडकीतून ऊन येतंय, कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि समोर झोंबी. चांगल्या खेळांनी यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. गणितासाठी कॅमेऱ्याचं मूळ उजळ चित्र वापरायचं आणि स्क्रीनवर मात्र तेच चित्र काळवंडून, हिरवट करून दाखवायचं. खोलीत दिवे चालू, फोनच्या चौकटीत रात्र. त्या चौकटीबाहेर नजर गेली की पुन्हा उजेड. फोन ही चिंचोळी खिडकी आहे, तिच्यातून एका वेळी खोलीचा तुकडाच दिसतो. म्हणून पाठीमागचा झोंबी दाखवता येत नाही, ऐकवावा लागतो. हेडफोनमध्ये डाव्या कानामागून घरघर आली की माणूस जागच्या जागी वळतो. या खेळात आवाजाचं काम चित्रापेक्षा मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

झोंबी निवडण्यामागची तांत्रिक कारणंही इथेच सापडतात. दहा बाय बाराच्या खोलीत लांबातली लांब बाजू साधारण साडेतीन मीटर. रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला मीटरभर चालतो. म्हणजे समोरच्या भिंतीतून निघालेला झोंबी तीन-चार सेकंदांत अंगावर येणार. '28 डेज लेटर' या चित्रपटानं 2002 साली लोकप्रिय केलेले धावणारे झोंबी इथे चालतच नाहीत. फोन वळवायलाही वेळ मिळणार नाही. लागतो तो रोमेरोचा पाय ओढत येणारा झोंबी. त्याला घराचा नकाशा कळायची गरज नाही, तो सरळ आपल्याकडे येतो. त्याची चाल अडखळली, पाय फरशीवर किंचित घसरले तरी ते त्याला शोभतं. तोच दोष सैनिकाच्या आकृतीत असता तर खेळाचा विचका झाला असता. फक्त एक गोष्ट झोंबीलाही माफ होत नाही. तो सोफ्याच्या मागे असायला हवा असताना सोफ्यावर रंगवल्यासारखा दिसला, तर भीती तत्क्षणी मरते. वस्तूंचं अंतर मोजणारी लिडार सोय 2020 मध्ये आधी आयपॅड प्रोमध्ये आणि मग आयफोन 12 प्रोमध्ये आली, गुगलनंही त्याच वर्षी साध्या कॅमेऱ्यावरून अंतर काढणारी सोय दिली, तेव्हा कुठे झोंबी फर्निचरच्या आड जाऊ लागला. ॲडलेडच्या संशोधकांनी हातानं मोजलेल्या इमारतींचं काम फोन आपणहून करू लागला.

या क्षेत्रातले प्रवाह आता सांगतो. पहिला टेबलावरचा, म्हणजे वरून पाहण्याचा. जॉर्जिया टेकचा खेळ या घराण्याचा मूळपुरुष, आणि 2017 सालचा 'झोंबी गनशिप रेव्हनंट' हा त्याचा फोनवरचा वारस. त्यात हेलिकॉप्टरमधून खाली पाहायचं आणि फोन प्रत्यक्ष फिरवून नेम धरायचा. दुसरा प्रवाह नकाशाचा. 2018 सालचा 'द वॉकिंग डेड : अवर वर्ल्ड' हेलसिंकीच्या नेक्स्ट गेम्सनं गुगलच्या नकाशावर उभा केला. आपण खऱ्या गल्लीत चालायचं आणि जागोजागी झोंबींचे घोळके गाठायचे. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'पोकेमॉन गो'प्रमाणेच या खेळातही कॅमेरा बंद करून खेळता येई, आणि बॅटरी वाचवण्यासाठी अनेक जण तसंच खेळत. मग तो नुसता नकाशावरचा खेळ उरे. माझ्या मते जिथे एआर बंद करून काही बिघडत नाही, तिथे ते मुळातच वरवर चिकटवलेलं असतं. तिसरा प्रवाह आवाजाचा. 'झोंबीज, रन!' हा 2012 चा ब्रिटिश खेळ, कादंबरीकार नेओमी ऑल्डरमन यांच्या लेखनातून आलेला. त्यात बंदूक नाही, चित्र नाही. कानात हेडफोन घालून धावायला निघायचं आणि मागे झोंबी लागले की वेग वाढवायचा. नेमबाजी नसूनही त्याला या संग्रहात जागा दिली आहे, कारण खरी वाट आणि कल्पित पाठलाग यांचा इतका घट्ट मेळ इतर कुणाला साधलेला नाही.

चौथा प्रवाह खोलीचा, आणि या पुस्तकाचं मन त्यातच गुंतलं आहे. यात भिंतीला भगदाड पडतं, फरशी फुटते, दाराच्या चौकटीतून हात आत येतो. हेडसेटवर याचं पुढचं रूप आलं आहे. मेटा क्वेस्टवरच्या 'ड्रॉप डेड : द केबिन'मध्ये आपल्या खऱ्या खोलीच्या भिंतींत खेळ खिडक्या पाडतो आणि झोंबी त्यातून घुसतात. रोमेरोच्या चित्रपटातला घराचा वेढा शब्दशः खेळाडूच्या घराला पडतो. फोनवर खोलीचे असे खेळ थोडेच आहेत. प्ले स्टोअरवर 'एआर झोंबी' नावानं मिळणाऱ्या पुष्कळशा खेळांत मागे कॅमेऱ्याचं चित्र असतं आणि जायरोस्कोपच्या जोरावर आकृत्या हवेत फिरत असतात. त्यांना जमीन कुठे आहे हेही ठाऊक नसतं. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते ती निराळीच. वाचकानं या फरकाची पारख करायला शिकावं, एवढ्यासाठीही हे पुस्तक आहे.

आपल्या वाचकाला झोंबी आता परका नाही. 'गो गोवा गॉन' हा चित्रपट 2013 साली आला, आणि 2022 साली 'झोंबिवली' या चित्रपटानं झोंबी थेट डोंबिवलीत आणले. तरी आपल्या भुताखेतांशी त्याची तुलना केली की एक मोठा फरक दिसतो. मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाच्या शिवेवर. चकवा रानातल्या ठरावीक जागी वाट भुलवतो. आपल्या प्रत्येक भुताला पत्ता आहे आणि बहुतेकांना एखादी अपुरी इच्छा आहे. झोंबीला पत्ता नाही, इच्छा नाही, म्हणून तो कुठेही चालतो. पण एआर हे तर जागा ओळखणारं तंत्र आहे. झाड ओळखणारा, सांज ओळखणारा, उंबरा न ओलांडणारा शत्रू त्याला शक्य आहे. मराठी खेळकर्त्यांनी हेलसिंकीचे झोंबी उसने न घेता इकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यात धोकाही आहे. एखादं खरं घर, खरी विहीर, खरं झाड खेळात भुताचं ठिकाण ठरलं, तर तिथल्या माणसांना त्याचा जाच होऊ शकतो. ज्या राज्यानं 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथे हे विसरून चालणार नाही.

इथून आपण खेळात नसलेल्या माणसांकडे येतो. 'पोकेमॉन गो' आला तेव्हा ऑशविट्झच्या स्मारकानं आणि हिरोशिमाच्या शांतता उद्यानानं आपल्याला खेळातून वगळावं, अशी मागणी केली. गुजरात उच्च न्यायालयात त्याच वर्षी याचिका झाली, कारण खेळातली अंडी मंदिरांच्या जागी सापडत होती. अमेरिकेत मिलवॉकी काउंटीनं 2017 साली उद्यानांत एआर खेळ ठेवायला परवाना सक्तीचा केला आणि एका कंपनीच्या दाव्यावर संघीय न्यायालयानं त्या नियमाला तात्पुरती मनाई केली. हे सगळं सार्वजनिक जागांबद्दल झालं. घराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. नेम धरलेला असताना चौकटीत आजी येते, रांगतं मूल येतं. बहुतेक खेळांना ते कळतच नाही आणि गोळी सुटते. हिंसक खेळांमुळे माणसं खरी हिंसा करतात, याला पुरेसा पुरावा नसल्याचं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 साली सांगितलं, आणि मी तो निर्वाळा मानतो. पण ते संशोधन झालं ते रचलेल्या जागांतल्या खेळांवर. इथे नेमाच्या रेषेत खरं माणूस येतं. चित्रातला माणूस ओळखायची सोय एआरकिटमध्ये 2019 पासून आहे. चौकटीत खरा माणूस आला की बंदूक आपोआप थांबावी, हा नियम प्रत्येक खेळानं पाळायला हवा. यात तडजोड नको.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्यानं पाहिलेल्या घराचा. खेळ चालण्यासाठी फोन आपल्या खोलीचा आकार मोजतो. हे मोजमाप फोनमध्येच राहतं की बाहेर जातं, हे प्रत्येक खेळाच्या बाबतीत तपासायला हवं. 'पोकेमॉन गो'च्या निअँटिकनं खेळाडूंनी केलेल्या सार्वजनिक ठिकाणांच्या चित्रणातून जगाचं त्रिमित प्रारूप घडवण्याचा बेत 2024 मध्ये जाहीर केला, आणि 2025 मध्ये आपले मुख्य खेळ विकून याच कामाची वेगळी कंपनी काढली. खेळाचं उपउत्पादन खेळापेक्षा मौल्यवान ठरू शकतं, याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. झोंबीचे खेळ खेळणाऱ्यांत शाळकरी मुलं मोठ्या संख्येनं असतात. त्यांच्या खोलीचं चित्र कुणाकडे जातं, हे पालकांनी विचारायची वेळ हीच आहे.

या संग्रहात खेळांचे निर्माते, प्रोग्रॅमर, चित्रपटाचे अभ्यासक, एक वकील, एक बालमानसतज्ज्ञ आणि बरेचसे नुसते खेळणारे आहेत. आम्ही ठरवून दोन गोष्टी टाळल्या. गेम वाईट की चांगले, हा जुना वाद घातलेला नाही, आणि खेळांना गुण देणारी यादीही केलेली नाही, कारण असे खेळ लवकर बंद पडतात आणि यादी शिळी होते. जे खेळ आता मिळत नाहीत त्यांच्याबद्दल खेळणाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या आहेत. सर्व्हर बंद झाला की असा खेळ पुन्हा पाहताच येत नाही. प्रत्येक लेखकानं आपापल्या घरात खेळून लिहावं, अशी अट घातली होती. त्यामुळे पुण्यातला वाडा, ठाण्यातला फ्लॅट, रत्नागिरीजवळचं कौलारू घर आणि न्यू जर्सीतलं तळघर अशा वेगवेगळ्या जागा पुस्तकात येतात, आणि एकच खेळ या जागांत किती निरनिराळा वागतो ते दिसतं.

वाचकाला पुस्तकाबरोबर खेळूनही पाहायचं असेल तर जमिनीवरचं सामान आवरून चार पावलं टाकता येतील एवढी जागा करावी, दिवे चालू ठेवावेत, हेडफोनचा एक कान मोकळा ठेवावा आणि घरातल्यांना आधी सांगावं. गॅलरीत किंवा जिन्यात खेळू नये. पाठीमागे सरकण्याची सवय या खेळात फार लवकर लागते. लहान मुलांनी कितव्या वर्षापासून हे खेळावं, यावर आम्हा लेखकांचं एकमत झालं नाही. घरात, आपल्याच अंथरुणाशेजारी पाहिलेली भीती मुलाच्या मनात किती दिवस राहते, याबद्दल बालमानसतज्ज्ञ आणि खेळकर्ते यांची मतं टोकाची आहेत. ती दोन्ही पुस्तकात समोरासमोर छापली आहेत, मधे संपादकाचा निवाडा न घालता.